रांध्याच्या विहिरीचा एक उन्हाळा

सिल्वासा,
१५ नोव्हेंबर १९६४

ती. प्रभाकरदादास,
लीलाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आईच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तूच तिला वाचून दाखव. खोली चांगली आहे. हेडमास्तर नारायणराव सामंतांच्या मागच्या पडवीला लागून आहे. जेवण त्यांच्याकडेच. ते मालवणकडचे, त्यामुळे माशांची आबाळ नाही. शाळा मात्र रांध्याला. सकाळच्या मोटारीने जाते, दुपारच्या मोटारीने परत येते. मोटार चुकली तर चालत. दोनदा चुकली आहे, हे आईला सांगू नकोस.

मुलं वारली आणि कोकणा आदिवासींची. माझं मराठी त्यांना पुस्तकातलं वाटतं आणि त्यांच्या बोलण्यात इतकं गुजराती असतं की पहिले काही दिवस मीच विद्यार्थिनी होते. शाळेचं पाणी सोमी नावाची बाई भरते. वयाने माझ्याएवढीच असेल. तिच्या कडेवर एक वर्षाची पोर असते आणि डोक्यावर हंडा. ती नसती तर मी इथे टिकले नसते. मला ती बोलायला शिकवते आणि मी चुकले की पदर तोंडाला लावून हसते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. परवा सोमीच्या घरी गेले होते. तिची सासू उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. घोट्यापाशी जखम आणि जखमेतून बाहेर आलेला पांढरा दोरा एका काडीला गुंडाळलेला. मी विचारलं, दोरा कशाला बांधलाय? सोमी म्हणाली, "बाई, दोरा कसला? वाळा आहे तो. रोज थोडा थोडा काढायचा. तुटला तर पाय जातो." जिवंत जंत होता रे तो! आपल्याकडे ज्याला नारू म्हणतात तोच. गावात पुष्कळांना झालाय. उन्हाळ्यात तर घरटी कोणी ना कोणी पडलेलं असतं म्हणतात. शेताची वेळ आणि माणूस खाटेवर.

तू पाण्यातल्या जिवांचाच अभ्यास करतोस. हे कशाने होतं आणि काय करायचं ते मला लिही.

तुझी,
लीला

*

मुंबई,
२३ नोव्हेंबर १९६४

चि. लीलू,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत तीन वेळा वाचलं. जिथे जायला मी प्रवासखर्चाचे अर्ज करून थकलो तिथे माझी बहीण पाटी-पेन्सिल घेऊन आधीच पोचली आहे!

ऐक. गाव ज्या विहिरीचं पाणी पितं तिला पायऱ्या असणार आणि बायका पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून हंडा भरत असणार. नारू झालेला पाय पाण्यात गेला की मादी पाण्यात हजारो पिल्लं सोडते. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसेल असा एक किडा असतो, सायक्लोप्स. तो ती पिल्लं गिळतो. माणूस पाण्याबरोबर तो किडा पितो. मग जवळजवळ वर्षभर काहीच होत नाही. वर्षाने पायाला फोड येतो आणि तुझ्या सोमीच्या सासूसारखं काडी घेऊन बसावं लागतं.

आता माझा भाग. पाणी गार असलं तर पिल्लू किड्याच्या पोटात नुसतं पडून राहतं. तग धरतं, पण वाढत नाही. पाणी तापलं की दोनेक आठवड्यांत तयार होतं. मात्र ज्या पिल्लाला किडा भेटत नाही ते तापलेल्या पाण्यात लवकर मरतं. म्हणजे ऊन त्याला वाढवतंही आणि मारतंही. यातलं कुठल्या महिन्यात कुठलं जास्त होतं? काचेच्या भांड्यात मी हे पाहिलं आहे. खऱ्या विहिरीत, बारा महिने, आपल्याकडे कोणी पाहिल्याचं मला ठाऊक नाही. ते कळलं तर नेमक्या कुठल्या महिन्यात विहिरीत औषध टाकायचं ते गावोगाव सांगता येईल.

तर आजपासून तू माझी सहकारी. वापीला जाणाऱ्या एका स्नेह्याबरोबर थर्मामीटर आणि बाटल्या पाठवतोय. सकाळी आणि दुपारी पाण्याचं तापमान घे, आठवड्याला एक बाटली भरून पाठव. आणि गावाला सांग, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या. किडा कापडावर अडतो. चांगलं तापवलं तरी मरतो, पण एवढं सरपण कोण जाळणार? तू स्वतः गाळल्याशिवाय एक थेंब घ्यायचा नाहीस.

खरा उपाय एकच. पायऱ्या बुजवायच्या, कठडा बांधायचा आणि वरून रहाटाने पाणी काढायचं. पाय पाण्यात जायलाच नको. तिथल्या साहेबांना आमच्या संस्थेतून लिहून ते काम करून घेईन. हा माझा शब्द समज.

तुझा,
दादा

*

सिल्वासा,
२४ जानेवारी १९६५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

बाटल्या मिळाल्या असतील. गेल्या आठवड्यात सकाळचं पाणी एकोणीस-वीसच्या आसपास होतं. सकाळी विहिरीवर वाफ दिसते आणि बायका म्हणतात पाणी ऊन आहे. मी थर्मामीटर दाखवून म्हटलं, पाणी गारच आहे, हवा त्याहून गार आहे. सगळ्या हसल्या.

पहिले काही दिवस मात्र कोणी हसत नव्हतं. बाई काचेची कांडी पाण्यात बुडवते म्हणजे काहीतरी करणी करते, असं झालं होतं. सोमीच्या नवऱ्याने, देवजीने, सगळ्यांसमोर विचारलं, "ही कांडी पाण्याला घालून आमाला काय मिळल?" मी तुझं पत्र त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. माझा भाऊ मुंबईला मोठा शास्त्रज्ञ आहे, त्याने शब्द दिलाय, पायऱ्या बुजतील, रहाट येईल. तेव्हापासून सोमी स्वतः मला हात धरून खालच्या पायरीपर्यंत उतरवते. शेवाळ फार आहे.

आणि तू खरंच लिहिलंस! परवा ओव्हरसियर भास्करराव फीत घेऊन आले, विहीर मोजली, विटा किती लागतील ते ठरवून गेले. होळीच्या आत काम उरकतो म्हणाले. दादा, वडील गेले तेव्हा तू कॉलेज सुटल्यावर शिकवण्या करून मला शिकवलंस, ते मी कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी विहिरीवर उभं राहून मला ते फार आठवलं.

गाळण्यासाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे करून वाटले. घरी बायका गाळतात. शेतावरून येता-जाता मात्र माणसं ओंजळीने पितात, त्याला इलाज नाही. म्हणून तर पायऱ्या बुजायला हव्यात.

तुझी,
लीला

*

मुंबई,
२६ फेब्रुवारी १९६५

चि. लीलू,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मधे चार दिवस बाहेरगावी होतो, मग तुंबलेलं काम.

तुझे आकडे आणि बाटल्या पाहून आमचे मुख्य म्हणाले, प्रभाकर, हे काम परदेशातल्या नियतकालिकात जाईल. थंडीच्या बाटल्यांतली पिल्लं अगदी मी म्हटलं तशी, अर्धवट वाढून थबकलेली. आता सगळा भार उन्हाळ्यावर. मार्चपासून पावसापर्यंत एक दिवसही चुकवू नकोस. सुट्टीत घरी नाही आलीस तरी चालेल, आईला मी समजावतो.

विहिरीचं काम सरकारी गतीने होईल. थोडं मागेपुढे झालं तर भास्कररावांच्या मागे लागू नकोस, तिथे तुला नोकरी करायची आहे.

तुझा,
दादा

*

सिल्वासा,
९ मे १९६५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

आकडे सोबत आहेत. दुपारी उथळ पायरीवर पाणी एकतीसला पोचतं. विहीर इतकी आटली आहे की तळाशी डबकं उरलंय आणि सगळं गाव त्याच डबक्यात उतरतं. परवा बाटली उन्हात धरली तर पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारताना साध्या डोळ्यांना दिसले. सोमीला दाखवले. ती म्हणाली, "हे आमी पितो?" आणि बराच वेळ बाटली हातात धरून बसली.

दादा, काम झालेलं नाही. विटा येऊन पडल्या होत्या. होळीनंतर एक दिवस ट्रक आला आणि विटा उचलून किलवणी गावाला घेऊन गेला. भास्कररावांना विचारलं तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वरून सांगितलंय, यंदा राहू दे." वरून म्हणजे कुठून?

ज्यांच्या पायाला फोड आलेत ती माणसंही तिथेच उतरतात. जाणार कुठे? मी वरच्या पायरीवर उभी राहून त्यांना थांबवते, हंडे भरून आणून देते, पण मी दुपारी निघून जाते. देवजी काल म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ लिहितो ना?" मी म्हटलं, लिहितो. तू पुन्हा एकदा लिही. तार कर हवं तर. तुझ्या शब्दाला तिथे मान आहे.

तुझी,
लीला

*

मुंबई,
१८ जून १९६५

चि. लीलू,
आशीर्वाद.

लिहिलं आहे. वरची चक्रं सावकाश फिरतात, त्याला तू-मी काय करणार? आता पाऊस आला, विहीर भरली, पाणी गढूळ आणि गार झालं. या वर्षापुरता धोका टळला म्हण. पुढच्या हिवाळ्यात काम नक्की होईल.

मेच्या बाटल्यांबद्दल काय सांगू! अशी तयार पिल्लं मी प्रयोगशाळेत कधी पाहिली नव्हती. तुझं बारा महिन्यांचं काम पुरं झालं की माझा प्रबंधही पुरा. तू नसतीस तर हे झालं नसतं.

आईचा गुडघा बरा आहे. तिला तुझ्या लग्नाचे वेध लागलेत, सावध राहा.

तुझा,
दादा

*

मुंबई,
४ एप्रिल १९६६

चि. लीलू,
आशीर्वाद.

पाच महिने तुझं पत्र नाही. आईला दोन ओळींची कार्डं टाकतेस म्हणून बरी आहेस एवढं कळतं. रागावलीस का? माझा निबंध छापून येतोय आणि प्रबंधही मान्य झाला. शेवटी तुझे आभार मानले आहेत, छापील अक्षरांत, कु. लीला प्रधान, सिल्वासा. आई तो कागद देव्हाऱ्यात ठेवणार म्हणते.

विहिरीचं काम हिवाळ्यात झालं असेलच.

तुझा,
दादा

*

सिल्वासा,
२९ मे १९६६

दादा,

विहिरीचं काम झालेलं नाही. हिवाळ्यात नवे साहेब आले, त्यांच्याकडे कागद पहिल्यापासून सुरू झाला. मी लिहीत नव्हते कारण रागावले होते, पण तुझ्यावर नाही, कचेरीवर. तुला उगीच बोलायला लागू नये म्हणून गप्प होते.

गेल्या उन्हाळ्यात ज्यांनी ते डबकं प्यायलं त्यांना आता फोड आलेत. सुट्टी लागायच्या आधीच निम्मा वर्ग रिकामा झाला होता. सोमीला दोन निघालेत, एक घोट्यापाशी, एक गुडघ्यामागे. गुडघ्यामागचा तुटला. पाय खांबासारखा सुजलाय. पोर अंगावर पिते आणि आईला तिला उचलून घेता येत नाही.

परवा मी आणि नारायणराव कचेरीत गेलो. मी आवाज चढवून बोलले. म्हटलं, माझ्या भावाने मुंबईहून तीन-तीनदा लिहिलं तरी तुम्ही ढिम्म. भास्कररावांनी हातातली फाइल मिटली. मग सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले, "बाई, माणसाने किती ऐकून घ्यायचं? तुमच्या भावाचं एकच पत्र आलं, ते पहिलं. त्यावर आम्ही विटासुद्धा टाकल्या. मग ते स्वतः आले, गेल्या वर्षी फेब्रुवारीत. दोन रात्री डाकबंगल्यावर होते. मीच त्यांना रांध्याला नेलं. विहीर बघितली आणि साहेबांना म्हणाले, ही एक विहीर एवढा उन्हाळा जशी आहे तशी राहू द्या, आमचं निरीक्षण अर्धवट राहील. साहेबांनी मान्य केलं. विटा किलवणीला गेल्या."

मी म्हटलं, दुसरं कोणी असेल. ते म्हणाले, "प्रभाकर प्रधान. कपाळावर डावीकडे व्रण."

तो व्रण कसा झाला ते मला ठाऊक आहे. मीच झोपाळा जोरात ढकलला होता.

दादा, डाकबंगल्यापासून माझी खोली हाकेच्या अंतरावर आहे. तू दोन रात्री तिथे झोपलास. दिवसा रांध्याला गेलास तो रविवार बघून गेलास, शाळा नसते तो. आणि मुंबईला परतून मला लिहिलंस, "बाहेरगावी होतो."

मला एवढंच लिही, भास्करराव खोटं बोलतात. मी तुझं ऐकेन.

लीला

*

मुंबई,
५ जून १९६६

प्रिय लीलू,

भास्करराव खोटं बोलत नाहीत.

तुला भेटलो नाही, कारण तू माझ्याकडे बघितलं असतंस आणि मला ते जमलं नसतं. हे मी वर्षभर मनात घेऊन आहे, पण त्याची तुला किंमत वाटावी अशी माझी अपेक्षा नाही.

तरी शांतपणे विचार कर. पायऱ्या तेव्हा बुजल्या असत्या तर सगळे आकडे थंडीचेच राहिले असते. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. आता आपण छातीठोक सांगू शकतो की या भागात औषध टाकायचं तर मार्च संपायच्या आत. एका विहिरीच्या एका उन्हाळ्यामुळे शेकडो गावं वाचतील. त्या विहिरीतून माणसं पिढ्यान् पिढ्या पीत आली आहेत. मी त्यात काही नवीन घातलं नाही. फक्त एक वर्ष थांबा म्हटलं. नारूने माणूस मरत नाही, लीला. महिना-दोन महिने त्रास होतो आणि उठून कामाला लागतो.

माझी फेलोशिप त्या वर्षाअखेरीस संपत होती, हेही खरं. ते झाकत नाही.

सोमीला सिल्वासाच्या दवाखान्यात ने, खर्च मी पाठवतो. तू स्वतः गाळूनच पितेस ना? मला रात्रंदिवस त्याचीच काळजी लागली आहे. आणि हे सगळं आईच्या कानावर घालू नकोस, तिला सोसणार नाही.

तुझाच,
दादा

*

सिल्वासा,
१० जुलै १९६६

प्रभाकर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी सोमी दवाखान्यात होती. तुझ्या पैशांची वाट बघितली नव्हती. देवजीने आणि त्याच्या भावाने तिला डोलीत घालून आणलं. गुडघ्याच्या जखमेतून धनुर्वात झाला होता. दातखीळ बसलेली. दाराचा आवाज झाला तरी सगळं अंग कमानीसारखं ताठ व्हायचं, म्हणून खोलीत अंधार करून आम्ही कुजबुजत होतो. डॉक्टरांनी हयगय केली नाही. जीभ अडत होती तरी ती पोरीचंच विचारत होती. मी पोरीला पडवीत घेऊन बसले होते, आत नेता येत नव्हतं. चौथ्या दिवशी सोमी गेली.

नारूने माणूस मरत नाही, हे वाक्य मी परत आल्यावर पुन्हा वाचलं. पुस्तकात तसंच असेल. तू पुस्तकाबाहेरचं बघायला इथे आला होतास.

शेकडो गावांचं म्हणतोस. वाचोत ती. पण त्यांच्यासाठी रांध्याने उन्हाळा द्यायचा होता तर रांध्याला विचारायचं होतं. मला विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस. मला तू त्यांच्यात उभं केलंस, तुझ्या नावाने मी त्यांना शब्द दिला, आणि ती माणसं माझा हात धरून मला पायऱ्या उतरवत होती तेव्हा तू मुंबईत बसून ते पाणी आणखी तापायची वाट बघत होतास. वडिलांच्या जागी तू होतास. तुझ्यावर कधी संशय घ्यायला लागेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं, आणि त्यावरच तू निभावून नेलंस.

बाराव्यानंतर गाव एकत्र बसलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. नारायणराव म्हणत होते, नको, बदली मागून घे, कोणाला कळणार आहे. मला ते जमलं नाही. मी सांगितलं की पायऱ्या माझ्या भावाने तशाच ठेवायला लावल्या आणि कशासाठी लावल्या तेही. बाटल्या मी भरून पाठवत होते हेही. एक म्हातारा उठून निघून गेला. सोमीच्या सासूने माझ्याकडे पाठ केली. ती अजून बोलत नाही, बोलावं असं माझं म्हणणंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना बघते तर विहिरीवर गाव लोटलेलं. पहारी घेऊन पुरुष पायऱ्यांचे दगड उखडत होते आणि बायका पाट्यांनी दगडमाती उतारात भरत होत्या. कचेरीला कोणी विचारलं नाही. मी शाळा बंद ठेवली आणि पाट्या वाहिल्या. मला कोणी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मोठा पाऊस लागायच्या आत कठडा कमरेएवढा झाला. लाकडाचा रहाट सायली गावच्या सुताराने करून दिला. आता वरून पाणी काढतात.

आईला मी पत्र लिहिलं आहे. तिला सोसेल की नाही ते तू ठरवू नकोस. तुझ्या निबंधातलं माझं नाव काढता आलं तर काढ. मनिऑर्डर परत पाठवली आहे. यापुढे मला पत्र लिहू नकोस. आईची खुशाली आईच कळवेल.

कठड्याचं काम संपलं त्या संध्याकाळी देवजी माझ्याजवळ येऊन बसला. तुझा विषय त्याने तोवर एकदाही काढला नव्हता. म्हणाला, "बाई, तो साहेब आलेला तवा मी हितंच होतो. तुमचा भाऊ हे मला माहीत नव्हतं. भर उन्हाचा चालत आलेला, घामाने नुसता भिजलेला. सोमीने त्याला तांब्या भरून दिला."

मी विचारलं, "मग?"

"हात पुढं केला त्याने. मंग तांब्यात बघितलं आन मागं घेतला. बोलला, तहान नाही."

तो उठला आणि रहाटाचा दोर ओढून बघितला.

"मंग त्याला ठावं होतं," तो म्हणाला.

लीला